दाखल्यावर नसलेला गुण

जुना संगणक म्हणजे भंगार, हे समीकरण आता आपल्या वस्त्यांतूनही रूढ झाले आहे. शिलाई मशीन अडले तर दुरुस्त करणारा सापडतो, मिक्सर जळाला तर वायंडिंग करून देणारा सापडतो. पण संगणकाला आठ-दहा वर्षे झाली की त्याला हात लावायला कोणी तयार नसते. "काका, यात आता काही चालत नाही," असे दुकानातला पोरगा सांगतो आणि आपण मान डोलावून परततो. काही चालत नाही म्हणजे नेमके काय चालत नाही, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. ही सवय लागावी म्हणून, आणि आमच्या अभ्यासिकेत २०१४ च्या उन्हाळ्यात जे काम झाले त्याची हकीकत पुष्कळांनी वेळोवेळी विचारली म्हणून, हा लेखनप्रपंच.

आम्ही म्हणजे आम्ही उभयता. आमच्यातील एक रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, दुसरी बालवाडीत आयुष्य घालवलेली शिक्षिका. भुसावळच्या आमच्या वस्तीत समाजमंदिरामागे एक खोली आहे. तिथे सकाळ-संध्याकाळ मुले अभ्यासाला बसतात. खोलीची किल्ली, झाडलोट आणि मुलांची भांडणे, ही तिन्ही खाती आमच्याकडे. आमची भाची त्या वर्षी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि आमच्याकडेच राहत होती. या हकीकतीत खरे काम तिचे आहे. आमचा वाटा विचारण्याचा, ऐकण्याचा आणि रात्री दीड वाजता चहा करण्याचा.

८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपी या प्रणालीला तिच्या निर्मात्यांकडून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्या. त्यानंतर अनेक कचेऱ्यांनी जुनी यंत्रे काढून टाकली. अशाच एका खाजगी कचेरीने सहा लॅपटॉप आमच्या अभ्यासिकेला दिले. २००३-०४ सालचे, जाडजूड, बॅटऱ्या संपलेले; विजेला जोडले तरच चालणारे. प्रोसेसर पेंटियम एम. चार यंत्रांत ५१२ एमबी रॅम आणि दोनांत २५६. कचेरीने डिस्क पुसून दिल्या होत्या, म्हणजे आत काहीच नव्हते.

अभ्यासिकेच्या समितीत दोन मते पडली. एका वयस्क सभासदांनी स्पष्ट सांगितले, "महिनाअखेरपर्यंत चालवून दाखवा. नाहीतर भंगारात घालू आणि दोन पंखे घेऊ." त्यांचे चुकीचे नव्हते. मे महिन्यात भुसावळचे ऊन काय असते ते खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको. तीस मुले आणि दोनच पंखे. दुसरीकडे आमच्या डोळ्यांसमोर नऊ-दहा मुली होत्या. परीक्षेचे अर्ज तोवर ऑनलाइन झाले होते. अर्ज भरायला, प्रवेशपत्र काढायला सायबर कॅफेत जावे लागे. तासाचे पैसे द्यावे लागत, आणि संध्याकाळनंतर घरचे तिकडे पाठवत नसत. दोन मुलींची शेवटची तारीख केवळ यामुळे हुकली होती. मराठी टंकलेखनाचा सराव तर कागदावर कळफलक काढून चालला होता. कागदावर बोटे आपटून वेग येत नाही, हे त्या मुलींनाही कळत होते.

भाचीजवळ एक सीडी होती. तीत लिनक्स प्रणाली, मराठी टंकलेखन, इंग्रजी शब्दकोश, गणिताचे खेळ, सगळे एकत्र भरलेले. खोलीत इंटरनेट नव्हते, एका डोंगलवर मोजून-मापून काम चाले. त्यामुळे एकेक गोष्ट उतरवून घेणे परवडणारे नव्हते. ही सीडी चालली तर एका दमात सगळे मिळणार होते. ती घातली. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या आणि यंत्र थांबले. ओळींचा अर्थ असा : या कर्नलला जे गुण लागतात त्यांपैकी पुढील गुण या प्रोसेसरवर नाही — पीएई.

सहाही यंत्रांवर तेच. दुकानातल्या पोराचे उत्तर आम्हांला आता इंग्रजीत मिळाले होते.

इथे कर्नल म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आमच्या शेजारी महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. "कर्नल अडून बसलाय" हे भाचीचे वाक्य ऐकून ते गंभीरपणे म्हणाले, "मग ब्रिगेडिअरकडे जा." हा तो कर्नल नव्हे. बदाम फोडल्यावर आत जो गर निघतो त्याला इंग्रजीत जे म्हणतात ते हे. संगणकात आपण ज्यावर लिहितो, चित्र काढतो, अर्ज भरतो, ते सगळे वरचे कवच. आतला गर म्हणजे प्रोसेसर, रॅम, डिस्क, कळफलक यांच्याशी थेट बोलणारा भाग. कोणाला किती वेळ प्रोसेसर द्यायचा, रॅममधली कोणती जागा कोणाची, डिस्कवरून काय आणायचे, हे तो ठरवतो. त्याच्या परवानगीवाचून वरच्याला काही मिळत नाही. तेव्हा काकांचे अगदीच चुकले असेही नाही.

आता पीएई. बत्तीस बिटांच्या प्रोसेसरला रॅममधल्या जागांना क्रमांक द्यायला बत्तीस अंक असतात, शून्य किंवा एक. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक बनतात; म्हणजे चार जीबी. त्यापुढची रॅम असली तरी तिला पत्ताच देता येत नाही. १९९५ साली आलेल्या पेंटियम प्रोमध्ये यावर तोड निघाली. प्रत्यक्ष रॅमचा पत्ता छत्तीस बिटांचा करण्याची सोय झाली, आणि मर्यादा चार जीबीवरून चौसष्ट जीबीवर गेली. या सोयीचे नाव पीएई. पुढे तिच्याबरोबर आणखी एक उपयोग आला. रॅमच्या ज्या भागात केवळ माहिती आहे, तिथून आज्ञा चालवू द्यायची नाही, असे कुलूप लावण्याची सोय नव्या प्रोसेसरांत आली, आणि बत्तीस बिटांच्या प्रणालीत ते कुलूप पीएई असल्याशिवाय लागत नाही. म्हणून लिनक्सच्या तयार सीड्या बनवणाऱ्या अनेकांनी ठरवले की यापुढे एकच कर्नल द्यायचा, पीएईवाला. दोन कर्नल सांभाळण्याचे श्रम वाचले. जुन्या यंत्रांचे दार बंद झाले. त्यांनी ते द्वेषाने केले असे आम्ही म्हणणार नाही; त्यांच्यासमोर ती यंत्रे नव्हती, एवढेच.

भाचीने दुसऱ्या एका जुन्या सीडीवरून लॅपटॉप उठवला. तिच्यातला कर्नल ४८६ पासूनच्या कोणत्याही प्रोसेसरवर चालावा असा बांधलेला होता, त्यामुळे तो अडला नाही. मग तिने एक आज्ञा दिली आणि प्रोसेसरने स्वतःविषयी दिलेली माहिती पडद्यावर आली. नाव, वेग, आणि खाली 'फ्लॅग्ज' म्हणून लहान लहान शब्दांची रांग : एफपीयू, टीएससी, सीएमओव्ही, एमएमएक्स, एसएसई... त्यात पीएई नव्हते.

"म्हणजे याच्यात नाहीच ना?" आम्ही विचारले.

"तीच तर गंमत आहे मामी," ती म्हणाली. "याच्यात आहे. फक्त हा सांगत नाही."

पेंटियम एमच्या पहिल्या मालिकेचे हे वैशिष्ट्य जाणकारांत प्रसिद्ध आहे. पीएईची यंत्रणा आत आहे, वापरली तर चालते. पण प्रोसेसरला 'तुझ्यात काय काय आहे' असे विचारले की तो जी यादी देतो, तिच्यात त्याची नोंद नाही. कर्नल यादी पाहतो. यादीत नाही म्हणजे अंगात नाही, असे धरून परत पाठवतो. कचेरीच्या खिडकीवर ज्याने कधी दाखला नेला असेल त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. माणूस समोर उभा, जिवंत, हातात पेन घेऊन सही करायला तयार. आणि खिडकीतले साहेब म्हणतात, कागदावर नोंद नाही, पुढचा. आमच्या घरी त्या रात्री जेवताना याच गोष्टीवर हसणे झाले. ते हसणे काही फार गोड नव्हते.

आता दोन वाटा होत्या. एक, कर्नलला जबरदस्तीने मानायला लावायचे की पीएई आहे, चाल पुढे. दुसरी, मुळात पीएई मागणारच नाही असा कर्नल बांधायचा. भाचीने पहिली वाट का सोडली ते आम्हांला पटले. आमच्या यंत्रांत रॅम ५१२ एमबी. चौसष्ट जीबी मोजण्याची पट्टी घेऊन अर्धा जीबी मोजायचा कशाला? त्यात पीएई वापरले की पत्त्यांच्या नोंदींचा आकार दुप्पट होतो, म्हणजे मुळातच तोकडी रॅम आणखी खर्ची पडते. आणि ते कुलूप? ते आमच्या या प्रोसेसरांत नव्हतेच. तेव्हा पीएई न घेतल्याने आमचे काही बुडणार नव्हते.

कर्नल बांधणे म्हणजे काय, याविषयी वाचकांच्या मनात भीती नसावी म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. लिनक्सचा कर्नल १९९१ साली हेलसिंकी इथल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने स्वतःच्या ३८६ संगणकासाठी लिहायला घेतला. पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. त्या काळी तो दुसऱ्या कोणत्याच जातीच्या प्रोसेसरवर चालत नव्हता. पुढे जगभरच्या लोकांनी हातभार लावला, आणि २०१४ पर्यंत ओळी दीड कोटींच्या वर गेल्या. सगळ्या ओळी कोणालाही फुकट मिळतात, वाचता येतात, बदलता येतात. त्यांच्या साठ्यात 'आर्च' नावाचा एक कप्पा आहे, आर्किटेक्चर म्हणजे रचना या अर्थी. त्यात प्रत्येक जातीच्या प्रोसेसरचे वेगळे घर : मोबाइलमधला एआरएम, मोठ्या बँकांच्या यंत्रांतला एस-३९०, पॉवरपीसी, मिप्स, आणि आपल्या नेहमीच्या संगणकांचा एक्स-८६. गंमत पाहा, ज्या ३८६ साठी हा सारा प्रपंच सुरू झाला, त्याचा आधार २०१३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ३.८ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला. ज्या घरात जन्म झाला तेच घर पाडले म्हणा ना.

बांधण्याआधी कर्नलला प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. 'मेक मेन्यूकॉन्फिग' अशी आज्ञा दिली की निळ्या पडद्यावर यादी उघडते. हजारो बाबी. प्रत्येकीपुढे तीन उत्तरे शक्य : 'वाय' म्हणजे गाभ्यातच घाला, 'एन' म्हणजे नको, आणि अनेक बाबींना 'एम', म्हणजे बाजूला वेगळे ठेवा, लागेल तेव्हा आत घेऊ. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर मीठ आमटीत घातलेले, लोणचे ताटाशेजारी, आणि जे घरात कोणी खात नाही ते आणायचेच नाही.

आमच्यातल्या सिग्नलवाल्याला हे फार ओळखीचे वाटले. रेल्वेत रिले तेच, तार तीच, पण प्रत्येक स्टेशनच्या यार्डाचा कंट्रोल टेबल वेगळा. कोणता सिग्नल उतरवायला कोणते सांधे कोणत्या बाजूला हवेत, कोणता रूळ मोकळा हवा, हे त्या यार्डाचे त्या यार्डापुरते. शेजारच्या स्टेशनचा नकाशा आणून इथे जोडला तर गाडी येणार नाही, किंवा येऊ नये तिथे येईल. सगळ्या स्टेशनांना चालेल असा एकच टेबल कोणी मागत नाही. संगणकात मात्र तेच मागितले जाते, आणि सगळ्यांना चालेल म्हणताना त्या 'सगळ्यां'मधून कोण गळले हे पाहायला कोणी थांबत नाही.

भाची प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायची. तिला उत्तर माहीत असे तिथे ती पुढे जाई, नसे तिथे मदतीचा मजकूर उघडे. त्या यादीची ही खुबी आम्हांला फार आवडली : बहुतेक प्रत्येक बाबीखाली ती काय आहे, कोणी घ्यावी, आणि कळत नसेल तर काय म्हणावे, हे लिहिलेले असते. अडाण्याला न हिणवता लिहिलेली अशी सूचना आम्ही सरकारी अर्जावर अजून पाहिलेली नाही.

पहिला महत्त्वाचा प्रश्न प्रोसेसरच्या कुळाचा. ४८६, ५८६, पेंटियम प्रो, पेंटियम तीन, पेंटियम चार, के-६, अॅथलॉन, अॅटम अशी मोठी यादी. तीत पेंटियम एम स्वतंत्र आहे. तो निवडला की भाषांतर करणारा कंपायलर त्या प्रोसेसरला मानवतील अशा आज्ञा निवडतो. याने वेग किती वाढतो? फार नाही. लोक याविषयी फुशारक्या मारतात, पण डोळ्यांना जाणवेल असा फरक या एका उत्तराने पडत नाही, असे आमचे स्पष्ट मत झाले. चुकीचे, वरच्या जातीचे कुळ निवडले तर मात्र यंत्र उठतच नाही. म्हणजे फायदा थोडा आणि अडाखा चुकला तर तोटा पुरा, असा हा प्रश्न.

दुसरा प्रश्न रॅमचा, 'हाय मेमरी सपोर्ट'. तीन उत्तरे : बंद, चार जीबी, चौसष्ट जीबी. सारे घोडे अडले होते ते इथे. चौसष्ट निवडले की पीएई आपोआप चालू होते. तयार सीडीत तेच निवडलेले होते. चार जीबीच्या पत्त्यांपैकी साधारणपणे तीन जीबी वरच्या कार्यक्रमांना आणि एक जीबी कर्नलला वाटून दिलेले असतात, आणि कर्नल आपल्या वाट्यातून ८९६ एमबी रॅम थेट हाताळू शकतो. आमची रॅम त्याहून कमी. उत्तर : बंद. भाचीने बाणाची कळ दोनदा दाबली आणि म्हणाली, "मामा, झालं. एवढ्यासाठी भंगारात चालले होते."

अर्थात तेवढ्याने काम झाले नव्हते. एकापेक्षा जास्त प्रोसेसर आहेत काय? नाहीत, बंद. डिस्कचा चालक आणि डिस्कवरच्या नोंदींची पद्धत, ईएक्सटी-४, या दोन्हींना 'वाय'. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. यांना 'एम' म्हटले तर ते बाजूला, म्हणजे डिस्कवर राहतात. आणि डिस्क वाचायला तर तेच हवेत. किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद करण्याचा प्रकार. तयार सीड्यांत यासाठी एक लहानसा तात्पुरता साठा आधी रॅममध्ये उघडण्याची युक्ती असते, कारण कोणाकडे कोणती डिस्क हे त्यांना ठाऊक नसते. आम्हांला ठाऊक होते. ध्वनी, वायरलेस, यूएसबी यांना 'एम'. वायरलेसच्या कार्डाला चालकाशिवाय एक फर्मवेअरची फाइलही वेगळी लागते. ती डोंगलवरून उतरवली.

आणि मग 'नको'ची कत्तल. टीव्हीची कार्डे नकोत, रेडिओ नको, शेकडो जातींची नेटवर्क कार्डे नकोत. यासाठी एक सोपी वाट आहे आणि ती भाचीने घेतली. यंत्र चालू असताना त्या क्षणी कोणकोणते चालक वापरात आहेत त्यांची यादी काढायची, आणि 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' म्हणून तेवढेच ठेवायला सांगायचे. ही सोय २००९ पासून कर्नलमध्ये आहे. यादी काढण्यापूर्वी मात्र पेन ड्राइव्ह, माऊस, प्रिंटर असे जे जे पुढे लागणार ते सगळे एकदा जोडून घ्यावे. त्या क्षणी जो हजर नसतो, त्याचे नाव यादीत येत नाही.

बांधणी लॅपटॉपवर केली नाही. ते यंत्र त्या उन्हात रात्रभर पंखा फिरवत बसले असते. भाचीचा घरचा संगणक चौसष्ट बिटांचा, चार गाभ्यांचा. त्यावर आज्ञेत 'आर्च म्हणजे आय-३८६' एवढे सांगितले की तो दुसऱ्यासाठी बत्तीस बिटांचा कर्नल बांधून देतो. ३.१४ ही आवृत्ती घेतली. ती मार्च २०१४ अखेर आली होती. रात्री अकराला सुरुवात केली. पडद्यावर फायलींची नावे सरसर वर जात होती. साडेअकराच्या आत वीज गेली. पुन्हा आली तेव्हा एक वाजला होता. यातली चांगली गोष्ट अशी की जेवढे झाले तेवढे वाया जात नाही. पुन्हा 'मेक' म्हटले की राहिलेल्यापासून पुढे चालू. पावणेदोनला शेवटची ओळ आली : बीझेडइमेज तयार आहे. चहा तयार होताच.

लॅपटॉपमध्ये ती मराठी सीडी तर उठत नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून, यूएसबीच्या जोडणीने घरच्या संगणकाला लावली. तिथे सगळी प्रणाली तिच्यावर बसवली, तयार कर्नलच्या शेजारी आमचा कर्नल ठेवला, सुरुवातीच्या यादीत त्याचे नाव वर आणले, आणि डिस्क परत लॅपटॉपमध्ये. वस्तीतली सात-आठ मुले भोवती जमली होती. भाचीने बटण दाबले. काळा पडदा. मग अक्षरे. मग पुष्कळ अक्षरे. मग निळा पडदा आणि मधोमध मराठीत 'वापरकर्त्याचे नाव'.

नववीतली एक मुलगी पुढे आली आणि तिने कोणाला न विचारता स्वतःचे नाव टंकित केले. अर्थात त्या नावाचे खाते नव्हते, यंत्राने नाकारले. ती हसली, आणि म्हणाली, "ताई, माझं पण नाव घाला ना यात." भाचीने त्या दिवशी चौदा खाती उघडली.

उरलेल्या पाचांत चार सरळ उठली. २५६ एमबीच्या दोन यंत्रांना मात्र आमच्या सडपातळ कर्नलने वाचवले असे म्हणता येणार नाही. कर्नल कितीही बारीक केला तरी वाचते ते थोडे एमबी. ब्राउझर एकटाच त्याच्या अनेक पटींनी मागतो. तिथे हलका डेस्कटॉप बसवला आणि ती टंकलेखनापुरती ठेवली. पाचव्याची रॅमच खराब होती. तिची चांगली अंगे इतरांना लागली.

हे ऐकून शेजारच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी त्यांचा माळ्यावरचा डेस्कटॉप आणून दिला. त्यात एएमडीचा के-६-२ होता. भाचीने कुळाच्या यादीत के-६ निवडून त्यासाठीही कर्नल बांधला, आणि तो उठलाही. पण पुढे काहीच चालेना. कारण सीडीवरचे सगळे कार्यक्रम सीएमओव्ही नावाची आज्ञा वापरणारे, ती पेंटियम प्रोपासून आली, आणि के-६ मध्ये ती खरोखरच नाही. दाखल्यावर नसणे वेगळे आणि अंगात नसणे वेगळे. कर्नल बदलून पहिल्याचा उपाय होतो, दुसऱ्यासाठी वरचा प्रत्येक कार्यक्रम पुन्हा बांधावा लागतो. ते आम्ही केले नाही. तो डेस्कटॉप भंगारात गेला, त्याचे दोनशे रुपये आले, आणि समितीच्या त्या वयस्क सभासदांनी त्यात स्वतःचे पैसे घालून एक पंखा आणला.

आमचे काम झाल्यावर थोड्याच दिवसांत, जून २०१४ मध्ये, कर्नलची ३.१५ ही आवृत्ती आली. तीत 'फोर्सपीएई' असा एक शब्द नव्याने घातला होता. सुरुवातीला तो लिहिला की कर्नल यादीकडे न पाहता पीएई आहे असे धरून पुढे जातो. सोबत सूचना : स्वतःच्या जबाबदारीवर. भाचीने वाचून दाखवले तेव्हा सिग्नलवाले आम्ही म्हणालो, "आपली वाट बरी होती." मामी म्हणाली, "पण त्यांनी कबूल केलं ना, की होतं म्हणून." दोघांचेही खरे आहे.

त्या पाच लॅपटॉपवर मुलींनी अर्ज भरले, टंकलेखन शिकल्या. ३.१४ ला २०१६ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहिल्या. भाची सुट्टीत आली की 'मेक ओल्डकॉन्फिग' म्हणून जुनी उत्तरे तशीच ठेवी आणि कर्नल नवा बांधून देई. शेवटचा लॅपटॉप २०१९ मध्ये थांबला. आता खोलीत नवी यंत्रे आहेत. बत्तीस बिटांच्या संगणकांचे दिवस एकूणच सरत आले : डेबियनसारख्या जुन्या यंत्रांना धरून ठेवणाऱ्या प्रणालीनेही ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी कर्नल देणे थांबवले आहे. भाची आता पुण्यात नोकरी करते. लहानशा एआरएम पट्ट्यांसाठी कर्नल बांधणे हेच तिचे काम. २०१८ च्या जानेवारीत 'आर्च'च्या कप्प्यात रिस्क-फाइव्ह नावाचे नवे घर आले, आणि त्याच रचनेवर मद्रासच्या आयआयटीत शक्ती नावाचे प्रोसेसर बनवले आहेत, हे तिने आम्हांला फोनवर इतक्या आनंदाने सांगितले की घरात कोणाला मुलगा झाला की काय असे शेजाऱ्यांना वाटले.

ज्यांच्या अभ्यासिकेत, शाळेत किंवा माळ्यावर अशी यंत्रे पडून असतील त्यांनी दुकानात नेण्याआधी एवढे करावे. एखाद्या जुन्या सीडीवरून यंत्र उठवावे आणि 'कॅट /प्रॉक/सीपीयूइन्फो' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत देऊन फ्लॅग्जची ओळ कागदावर उतरवून घ्यावी. सीएमओव्ही आहे आणि पीएई नाही, तर वर लिहिलेले सगळे तुम्हांला लागू आहे. 'एलएम' हा शब्द दिसला तर प्रोसेसर चौसष्ट बिटांचा आहे. मग तर काहीच अडचण नाही, आजची प्रणाली घाला. रॅम पुरेशी आहे की नाही तेही पाहावे. आणि लॅपटॉपची हार्ड डिस्क काढताना स्क्रू वाटीत ठेवावेत. ते फार बारीक असतात, आणि बालवाडीतली मुले जवळ असतील तर मोजून ठेवावेत.